रोटेशन करूनही टायर परत घूं घूं करतायत? आधी पॅटर्न तपासा

गेली दोन-तीन वर्षं माझ्या गाडीचं एकच रडगाणं होतं. टायर रोटेशन, म्हणजे टायरच्या जागा आपापसात बदलणं, करून आणलं की आवाज मागून पुढे यायचा, थोड्या दिवसांनी विरायचा, मला वाटायचं चला सुटलो, आणि तीन-चार हजार किलोमीटर झाले की मागच्या सीटखालून परत घूं घूं घूं सुरू. साठच्या वर गेलं की जास्त, गुळगुळीत डांबर असलं की स्पष्ट, खडबडीत रस्ता लागला की वेगळाच सूर. आता मी काय केलं, तर सगळे करतात तेच, म्हटलं बेअरिंग (चाक ज्याच्यावर फिरतं ते) गेलं. मागचं एक बेअरिंग बदललं, आवाज तसाच, मग दुसऱ्या बाजूचंही बदललं, आवाज तसाच. म्हणजे दोन धडधाकट बेअरिंग काढून तिथे दोन नवी बसवली आणि घूं घूं आपलं मजेत चालू.

ही चूक तुम्ही करू नका म्हणून आधी बेअरिंग का टायर हे ओळखायचं कसं ते सांगतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाजाचा सूर बदलत असेल तर बहुतेक टायर, कारण बेअरिंगला खाली डांबर आहे का काँक्रीट आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. उलट मोकळ्या रस्त्यावर एकाच स्पीडला गाडी हलकेच डावी-उजवीकडे घेतली आणि एका बाजूला वळताना आवाज चढला, दुसऱ्या बाजूला कमी झाला तर बेअरिंगवर संशय घ्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केल्यावर आवाजाची जागा बदलली की टायरच, दुसरं काही नाही. ही खूण माझ्यासमोर दर रोटेशनला येत होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

शेवटी एका रविवारी मागच्या चाकापाशी मांडी घालून बसलो आणि टायरवरून हात फिरवला. (गाडी चालवून आलात तर टायर आणि डिस्क गार होऊ द्या, आणि टायरमधून तार वगैरे बाहेर आली नाहीये ना ते आधी डोळ्यांनी बघा, मगच हात लावा.) कडेच्या ब्लॉकवरून (खाचांच्या मधले रबराचे ठोकळे) तळवा चाकाच्या गोलाईने एका दिशेला नेला तर गुळगुळीत, उलटा आणला तर करवत. प्रत्येक ब्लॉकची एक कड उंच राहिलेली आणि दुसरी घासून उतरती झालेली. ह्याला गॅरेजवाले हील-टो झीज म्हणतात, बुटाची टाच एका बाजूने झिजते तसं. फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना असलेल्या, गाडीच्या मागच्या चाकांना हे फार होतं कारण त्या चाकांना ओढायचं काम नसतंच, ती नुसती मागून येतात आणि ब्रेक लागला की प्रत्येक ब्लॉकची तीच ती कड घासते. चाक फिरलं की या उंच कडा एकामागून एक रस्त्यावर आपटतात आणि तोच तो घूं घूं.

इथे एक बारीक गोष्ट आहे ती चुकवू नका. हात गोलाईने फिरवल्यावर करवत लागली तर हील-टो. पण हात टायरच्या रुंदीत, म्हणजे आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे फिरवला आणि एका दिशेने मऊ, दुसऱ्या दिशेने बोचरं लागलं तर ती पिसासारखी झीज, ती टो बिघडल्याची खूण, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर नाहीत आणि टायर तिरका घसटत चाललाय. ह्यावर रोटेशन हा उपाय नाही, आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सेट करून घेणं.

तर माझा टायर हील-टोवाला. पण मी तर दर १० हजाराला रोटेशन करत होतो, मग कसं काय? पुढच्या वेळी गाडी नेण्याआधी चारही टायरच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलं, पु-डा, पु-उ, मा-डा, मा-उ, आणि काम झाल्यावर बघितलं कोण कुठे गेलंय. डाव्या बाजूचे दोघं आपापसात बदलले होते आणि उजव्या बाजूचे दोघं आपापसात. बस्स. बहुतेक आतापर्यंत दर वेळी हेच होत असणार, कारण ते सोपं पडतं, एक बाजू उचलायची, पुढचा मागे मागचा पुढे, खाली सोडायचं, मग दुसरी बाजू. क्रॉस, म्हणजे डावीकडचा टायर उजवीकडे, करायचं म्हटलं की सहसा अख्खी गाडी उचलायला लागते. दोष देत नाही मी कोणाला, मी कधी विचारलंच नव्हतं की कुठल्या पॅटर्नने करताय.

आता यात बिघडतं काय ते कागदावर चार चौकोन काढून बघा. सरळ पुढे-मागे केलं तर डावा पुढचा टायर मागे जातो आणि पुढच्या वेळी परत पुढे येतो, जन्मभर त्याने दोनच जागा बघितल्या, आणि चाक फिरायची दिशाही कधी उलटली नाही. डाव्या बाजूचा टायर कायम एकाच दिशेने लोळणार. त्यामुळे मागे तयार झालेली करवत पुढे येऊन थोडी बसते खरी, पण ब्लॉकची जी कड मार खातेय तिला सुट्टी अशी मिळत नाही, आणि तोवर मागे गेलेली दुसरी जोडी नवीन करवत करायला बसलेली असते. म्हणून आवाज मागून पुढे, मग शांत, मग परत मागून. माझ्या गाडीचा अख्खा आजार या एका वाक्यात होता.

ह्याउलट क्रॉस केलं की टायर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोच टायर आता उलट्या दिशेने फिरतो, म्हणजे जी कड आधी मार खात होती ती आता आरामात आणि दुसरी कड कामाला. फ्रंट व्हील ड्राइव्हचा नेहमीचा पॅटर्न म्हणजे पुढचे दोन्ही सरळ मागे, आणि मागचे दोन्ही पुढे येताना बाजू बदलून. परत चौकोन काढा, पुढचा डावा मागे डावीकडे गेला, तिथून पुढे उजवीकडे, तिथून मागे उजवीकडे, तिथून परत पुढे डावीकडे. चार रोटेशनमध्ये प्रत्येक टायर चारही जागा फिरून घरी. पॅटर्न निवडायचा म्हणजे खरं तर एवढंच बघायचं की माझा टायर किती जागा फिरतोय आणि त्याची दिशा कधी उलटतेय का.

मागच्या चाकांना ताकद असणाऱ्या गाडीला बरोबर उलटं, मागचे सरळ पुढे आणि पुढचे मागे जाताना क्रॉस. फोर व्हील ड्राइव्ह आणि ऑल व्हील ड्राइव्हलाही सहसा हाच पॅटर्न सांगतात. हे पाठ करत बसू नका, एकच लक्षात ठेवा, ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्या जागेवर जाणारा टायर बाजू बदलून जातो, तिथून निघणारा सरळ जातो. ऑल व्हीलमध्ये चारही चाकांना ताकद असते त्यामुळे हा नियम तिथे अडतो, तिथे मागच्या ड्राइव्हसारखं धरा किंवा मॅन्युअल सांगेल ते करा.

एक्स पॅटर्न नावाचा अजून एक प्रकार आहे, चारही टायर तिरके, डावा पुढचा उजवीकडे मागे आणि तो इकडे. ऐकायला भारी वाटतं, सगळंच क्रॉस, पण चौकोनावर करून बघितलं तर इथेही टायर दोनच जागा फिरतो, फक्त त्या दोन जागा तिरक्या आहेत. दिशा दर वेळी उलटते हा फायदा आहे, हील-टोला तो बराही पडतो, पण डाव्या पुढच्या टायरला मागची डावी जागा कधीच दिसत नाही. मला विचाराल तर फ्रंट व्हीलला पुढचे सरळ, मागचे क्रॉस हाच बरा, आणि एखाद्या वेळी करवत फारच झाली असेल तर मधेच एकदा एक्स मारायला हरकत नाही.

पण हे सगळं कधी, तर टायर क्रॉस करण्यासारखा असेल तेव्हा. म्हणून पॅटर्नचा विचार करण्याआधी टायरची साइडवॉल (चाकाची बाहेरून दिसणारी रबराची बाजू) वाचा, शब्दशः खाली बसून वाचा. तिथे बाण असेल आणि रोटेशन असा शब्द असेल तर तो डायरेक्शनल टायर, त्याच्या खाचा साधारण व्ही आकाराच्या असतात, पाणी मधून दोन्ही कडांना फेकायला. हा टायर फक्त बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे, म्हणजे त्याला बाजू बदलून चालत नाही, सरळ पुढे-मागे एवढाच पर्याय. बाजू बदलायचीच असेल तर टायर रिमवरून उतरवून उलटा चढवावा लागतो, म्हणजे परत बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आलंच. डायरेक्शनल टायरवर मागे करवत झाली तर म्हणूनच जरा वैताग असतो, तिथे वेळेवर रोटेशन, बरोबर हवा आणि बरोबर टो याशिवाय हातात फार काही नाही.

आता ह्याच्यात लोकं कायम गोंधळतात ते असिमेट्रिक टायरवरून. साइडवॉलवर आउटसाइड किंवा इनसाइड लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं ह्यालाही बाजू बदलता येत नाही. येते! आउटसाइड म्हणजे ती बाजू गाडीच्या बाहेर दिसली पाहिजे, आणि रिमसकट चाक उचलून डावीकडून उजवीकडे लावलं तरी बाहेरची बाजू बाहेरच राहते. फिरायची दिशा बदलते, पण बाण नसेल तर त्याची पर्वा नाही. मी स्वतः अर्धा तास डोकं खाजवलं होतं यावर, शेवटी चहाची बशी हातात घेऊन फिरवून बघितली तेव्हा पटलं.

दुसरं बघायचं साइज. चारही टायरवरचा आकडा वाचा, २०५/५५ आर १६ सारखा असतो तो. पुढचे आणि मागचे वेगळ्या साइजचे असतील, काही स्पोर्टी गाड्यांना मागे रुंद टायर असतात, तर पुढे-मागे करायचा प्रश्नच नाही. बाण नसेल तर फक्त डावं-उजवं बदलता येतं. आणि साइजही वेगळी आणि बाणही असेल तर रिमवरून न उतरवता रोटेशन होतच नाही, तिथे गप्प बसायचं, हवा आणि अलाइनमेंट सांभाळायचं.

स्टेपनीचं काय? बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल, जिच्यावर ८० च्या स्पीडची मर्यादा लिहिलेली असते, ती रोटेशनमध्ये कधीच घ्यायची नाही. स्टेपनी बाकीच्यांसारखीच पूर्ण साइजची, त्याच प्रकारच्या टायरची आणि तशाच रिमची असेल आणि टायर बाणवाले नसतील तर जरूर घ्या, नाहीतर ती डिकीत पडून पडून म्हातारी होते. रबर न वापरताही कडक होत जातं, चार आकड्यांचा जो कोड असतो तो बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच चाकांचा पॅटर्न लोकांना अवघड वाटतो पण आहे सोपा. स्टेपनी मागे उजवीकडे लावायची, आणि नेहमीच्या पॅटर्नमध्ये जो टायर मागे उजवीकडे जाणार होता तो डिकीत. बाकी सगळे नेहमीसारखेच. फ्रंट व्हीलमध्ये तो पुढचा उजवा असतो, रिअर व्हीलमध्ये पुढचा डावा. अट एकच, हे पहिल्या रोटेशनपासून सुरू करायचं. चार टायर अर्धे झिजल्यावर मधेच कोरी स्टेपनी घुसवली तर एक चाक बाकीच्यांपेक्षा मोठं होतं, ऑल व्हील ड्राइव्हला तर ते अजिबात चालत नाही, कारण चाकाचा घेर वेगळा असला की डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि मधला क्लच सतत झगडत बसतात आणि तापतात. रिम वेगळी असेल, म्हणजे चार अलॉय आणि स्टेपनी लोखंडी, तर नट पण वेगळे लागू शकतात, ते आधी बघा.

आता रोटेशननंतर उपटणाऱ्या भानगडी. हा भाग जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेक लोक इथेच घाबरतात आणि परत जुन्या जागी टायर लावून मोकळे होतात.

क्रॉस केल्यावर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला. वाढू शकतो. करवतीचे दात आता उलटे लागतायत, शिवाय ते टायर तुमच्या पायाखाली आलेत. माझ्याकडे पहिले काही दिवस इतका आवाज होता की मी जवळजवळ परत फिरवणार होतो. हजारभर किलोमीटर थांबा, ओढायचं काम लागलं की दात हळूहळू बसतात. पण टायर आधीच फार झिजलेला असेल तर ते बसेपर्यंत टायरच संपतो, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा.

गाडी एका बाजूला ओढायला लागली, आधी ओढत नव्हती. रोटेशनने अलाइनमेंट बिघडत नाही, चाकांचे कोन सस्पेन्शनमध्ये असतात, टायरमध्ये नाही. ओढणं टायरमुळे आहे का अलाइनमेंटमुळे हे शोधायची एक युक्ती आहे, बाण नसलेले टायर असतील तर पुढचे दोन टायर आपापसात बदला. डावीकडे ओढणारी गाडी उजवीकडे ओढायला लागली तर एक टायर दोषी, त्याच्या आतल्या पट्ट्यांची ठेवण किंचित तिरपी असते आणि तो शंकूसारखा एका बाजूला लोळतो. ओढणं तसंच डावीकडे राहिलं तर टायर निर्दोष, अलाइनमेंटला न्या, नाहीतर ब्रेक अडकतोय का बघा. आणि हे सगळं करण्याआधी हवा मोजा प्लीज. एका पुढच्या टायरात हवा कमी असली तरी गाडी त्याच बाजूला ओढते, आणि दहातल्या पाच वेळा तेच असतं (हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, मोजलेला नाही).

स्टीअरिंग थरथरतं, साधारण ८० ते ११० च्या मधे. एका चाकाचं वजन आधीपासून बिघडलेलं होतं, फक्त ते चाक मागे होतं तेव्हा थरथर सीटमध्ये किंवा फ्लोअरला जाणवायची नाहीतर जाणवायचीच नाही, आता पुढे आलं म्हणून हातात आली. बॅलन्सिंग करून घ्या. रिम आणि हबच्या मधे मातीचा थर, गंजाचा पापुद्रा राहिला तरी चाक नीट बसत नाही आणि अशीच थरथर होते, तेव्हा चाक लावताना ती जागा तारेच्या ब्रशने पुसायला सांगा.

हवेच्या प्रेशरचा दिवा लागला. पुढे-मागे हवा वेगळी असते पुष्कळ गाड्यांना, आणि टायर जागा बदलतात तशी हवा आपोआप बदलत नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याप्रमाणे, टायर थंड असताना, नव्या जागेनुसार हवा सेट करा. मग टीपीएमएस, म्हणजे हवेच्या प्रेशरवर नजर ठेवणारी सिस्टीम, रीसेट. काही गाड्यांमध्ये चाकात सेन्सर असतात आणि गाडीला नवीन जागा शिकवावी लागते, नाहीतर स्क्रीनवर दाखवेल पुढचा डावा आणि पंक्चर असेल मागचा डावा. काहींमध्ये सेन्सर नसतात, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी सिस्टीम) सेन्सरवरून कुठलं चाक जास्त वेगाने फिरतंय ते मोजून अंदाज काढतात (हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि भरभर फिरतं), त्यांना रोटेशननंतर रीसेट मारावंच लागतं.

आता जिथे पॅटर्न कितीही बदला, काही होत नाही अशी झीज. मधला पट्टा झिजलाय आणि कडा चांगल्या, हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे माल आहे, हवा कमी. एकच कड झिजलीये, बहुतेकदा आतली, म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा टो, गाडी टायर खातेय. इथे रोटेशन केलं तर काय होतं माहितीये, खाल्लेला टायर मागे जातो, चांगला टायर पुढे येतो, आणि गाडी निवांतपणे तोही खायला घेते. चारही टायर समान बिघडले की लोकं म्हणतात बघा एकसारखे झिजले! आतली कड तर उभ्याने दिसतही नाही, स्टीअरिंग पूर्ण वळवून वाकून बघावी लागते, मागच्या चाकांना मोबाइलचा कॅमेरा आत घालून. आणि टायरवर ठराविक अंतराने खळगे-खळगे पडलेले असतील, हात फिरवल्यावर लाटा लागतील, तर शॉकअब्सॉर्बर थकलाय किंवा बॅलन्सिंग गेलंय, चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे का बघा.

किती किलोमीटरला करायचं? साधारण ८ ते १० हजार, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. मी मधे एकदा आळसाने १५ हजारावर नेलं होतं आणि त्याच वेळी करवत सगळ्यात जास्त झाली होती. फ्रंट व्हीलचे पुढचे टायर ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही तेच उचलतात, त्यामुळे ते मागच्यांपेक्षा भरभर जातात, उशीर केला की फरक इतका होतो की नंतर भरून निघत नाही. खाचेची खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, ते ठेवा. नवा टायर ८ मिलिमीटरच्या आसपास असतो, बऱ्याच देशांत १.६ च्या खाली कायद्याने चालत नाही, आणि खाचेत जी छोटी रबराची उंचवटी असते ती त्याच मापाची, टायर तिच्या पातळीला आला म्हणजे गोटा झाला समजा. पावसाळी रस्त्यावर ३ च्या खाली आल्यापासूनच पकड घसरायला लागते.

ह्यावरून दोनच नवीन टायर घेतलेत त्यांच्यासाठी. नवे मागे लावायचे, गाडी पुढून ओढणारी असो नाहीतर मागून. कारण ओल्या रस्त्यावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुतेक सावरते, मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते आणि मग आपल्या हातात काही राहत नाही. आता प्रश्न येतो की पुढच्या रोटेशनला हे नवे पुढे आणि जुने मागे जाणार, मग? फरक मोठा असेपर्यंत रोटेशन टाळा, असं माझं मत. जुने पुढे राहून संपू देत, मग तिथे नवीन जोडी घेताना हे मागचे पुढे आणा आणि कोरे मागे.

घरी करायचं असेल तर एक जॅक आणि स्टेपनीवर फ्रंट व्हीलचं क्रॉस होतं, पाच वेळा उचलायला लागतं एवढंच. सपाट कडक जमीन, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, आणि उचललेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून मागून अडण. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. आधी पुढचं डावं काढा, तिथे स्टेपनी लावा. मग मागचं डावं काढून तिथे हातातलं पुढचं डावं. मग पुढचं उजवं काढून तिथे मागचं डावं. मग मागचं उजवं काढून तिथे पुढचं उजवं. शेवटी परत पुढे डावीकडे, स्टेपनी काढा आणि तिथे मागचं उजवं. गाडी कुठे न्यायची नसल्यामुळे इथे बारीक स्टेपनीही मधल्या वेळेपुरती चालते. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. नट गोल फिरत एकामागून एक आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळत जायचं, आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने (ठराविक जोराने आवळता येणारा पाना) शेवटचं, बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटर असतं पण तुमच्या मॅन्युअलमधलाच आकडा घ्या. पाइप लावून पान्यावर उभं राहणं ही शूरवीरगिरी नको, बोल्ट ताणला जातो आणि पंक्चरच्या वेळी तोच नट निघत नाही. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा नट तपासा.

बाहेरून करून घेत असाल तर गाडी द्यायच्या आधी खडूने खुणा करा, फोटो काढा, आणि तोंडाने सांगा, पुढचे सरळ मागे, मागचे क्रॉस पुढे. काम झाल्यावर खुणा बघितल्याशिवाय निघू नका. मी मोबाइलमध्ये एक नोट ठेवलीये, तारीख, किलोमीटर, कुठला टायर कुठून कुठे गेला आणि प्रत्येकाची आत-मधे-बाहेर अशी तीन ठिकाणची खोली.

आता क्रॉसची दोन रोटेशन झालीत माझी. मागचा उजवा अजून हाताला किंचित खरखरतो, बाकी तीन साफ. मागच्या सीटखालून काही ऐकू येत नाही, त्यामुळे आता डॅशबोर्डमधली एक बारीकशी कटकट ऐकू यायला लागलीये, ती पण शोधायची आहे.